बाईंना जाहीर पत्र

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानायला लागलो असतो तर तुम्ही ‘पुढचं सूत्र वाच’ म्हणून गप्प केलं असतंत.

पतंजलीच्या योगसूत्रांच्या तुमच्या रविवारच्या वाचनाला आलो ते एकच प्रश्न घेऊन : ध्यानात मी कितव्या पायरीवर आहे? एका शिबिरात पायऱ्यांचा रंगीत तक्ता मिळाला होता, वर प्रमाणपत्रही. तुम्ही तक्ता शांतपणे पाहिलात आणि आनंदाश्रमाने छापलेली १९०४ची प्रत काढून साधनपादातलं, म्हणजे दुसऱ्या भागातलं, २७वं सूत्र दाखवलंत : ‘तस्य सप्तधा प्रान्तभूमिः प्रज्ञा’. म्हणजे विवेक जागा झालेल्याची प्रज्ञा सात अंतिम भूमींची. सात भूमी! मला वाटलं, तक्ता बरोबरच की. तुम्ही म्हणालात, “भाष्यकार व्यास काय मोजतायत ते बघ.”

त्या सात भूमी अशा : जे दुःख टाळायचं ते पुरतं ओळखून झालं, आता ओळखायचं काही उरलं नाही. त्याची कारणं झिजली, झिजवायचं उरलं नाही. निरोधसमाधीने, म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबलेल्या समाधीने, ‘हान’ (दुःखाचं सुटणं) प्रत्यक्ष झालं. विवेकख्याती (पुरुष आणि प्रकृती वेगळी आहेत ही ओळख) हा उपाय साधून झाला. हे चार प्रयत्नाचे. पुढचे तीन आपोआपचे : बुद्धीचं काम संपतं, सत्त्व-रज-तम हे गुण डोंगरमाथ्यावरून सुटलेल्या दगडांसारखे निराधार होऊन आपल्या कारणात विरायला निघतात, पुन्हा उठत नाहीत, आणि पुरुष, म्हणजे आतला द्रष्टा, गुणांच्या संबंधापलीकडे, केवळ स्वरूपात उरतो. सातही ठिकाणी काय संपलं तेच सांगितलंय. पदरात काय पडलं, याचा उल्लेखच नाही. माझ्या प्रश्नाचा पायाच तुम्ही असा काढून घेतलात, तोही एका शब्दाने न दुखावता.

वितर्क, विचार, आनंद, अस्मिता ही पहिल्या पादातली समाधीची रूपं तुम्ही तशी भराभर घेतलीत. रेंगाळलात ते तिसऱ्या, विभूतिपादातल्या ५१व्या सूत्रावर. तिथे व्यासभाष्यात चार प्रकारचे योगी येतात. देव आमंत्रण देतात ते फक्त दुसऱ्याला, मधुभूमिकाला, ज्याची प्रज्ञा ऋतंभरा, म्हणजे सत्यच धारण करणारी, झाली आहे त्याला. ‘इथे बसा, इथे रमा,’ म्हणतात. सुंदर कन्या, म्हातारपण आणि मरण हटवणारं रसायन, आकाशात फिरणारं वाहन, कल्पवृक्ष, सगळं पुढे करतात. (वाहनावर वर्गातल्या एकाने मायलेज विचारलं, तेव्हा तुम्हीही हसला होतात.) तिसऱ्याने पंचमहाभूतं आणि इंद्रियं जिंकलेली असतात, चौथ्याला चित्ताचा लय सोडून काही साधायचंच उरलेलं नसतं. पहिल्याचा प्रकाश नुकता कुठे उजाडू लागलेला. आणि भाष्य म्हणतं, नुसता मोह आवरून भागत नाही. ‘देवसुद्धा मला विनवतात’ हा ताठाही नको, कारण त्या ताठ्यात माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि मृत्यूने आपले केस धरलेत हे विसरतो.

ते वाचून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. त्याबद्दल तर खास आभार.

आणखीही बरंच आहे : ठळक अक्षरांत काढलेल्या झेरॉक्स, व्यासभाष्यावरची वाचस्पतींची टीका अडली की फोनवर लावून दिलेला अन्वय, फीचा विषय काढला की पुढे येणारा चहा.

आम्ही आता शेवटच्या, कैवल्यपादात २९व्या सूत्रापाशी अडलोय. विवेकख्यातीचंही फळ नको म्हणणाऱ्याला धर्ममेघ समाधी, इतपत लागतं. पुढचं भाष्य तुमच्याशिवाय लावायची कुणाची छाती नाही. लेकीकडून परत आलात की निरोप द्या, प्रती घेऊन घरीच येतो.

आपला,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी