ओंकार, राजमुद्रा गोंदवायच्या आधी एवढं वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं डिझाईन बघितलं, झूम करून करून बघितलं. छान आहे. बाबा फोनवर चिडले ते मनावर घेऊ नकोस, त्यांना टॅटूचा राग नाही, तुझ्या भरतीची काळजी आहे आणि ती मलाही आहे. मी नाही म्हणणार नाही. मोठा झालास, हात तुझा आहे. पण मी रक्तपेढीत काम करते, एका सुईतून काय काय एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं ते मला माहितीये, त्यामुळे पाच मिनिटांच्या फोनवर माझं समाधान होणार नाही म्हणून हे सगळं टाईप करत बसलेय. ग्राउंडवरून आलास की निवांत वाच, अर्धवट वाचून "हो आई, हो आई" करू नकोस.

आधी भरतीचं बोलू, कारण तू लिहिलंयस उजव्या दंडावर काढायचा. दंडावर नको. आर्मीत कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, म्हणजे कोपराच्या आतून मनगटापर्यंत, नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंड, छाती, मान, पाठ यातलं काहीही चालत नाही, पोरगा पळण्यात कितीही पहिला आला तरी मेडिकलला बाहेर. आदिवासी मुलांना त्यांच्या परंपरेच्या गोंदणासाठी सूट आहे, ती आपल्याला नाही. आणि तू बीएसएफ, सीआरपीएफचा फॉर्म पण भरणारेस ना, तिथे तर डावाच हात लागतो कारण सॅल्यूट उजव्या हाताने करतात, आणि आकारही त्या भागाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा लहान पाहिजे. म्हणजे दोन्हीकडे चालेल अशी जागा उरते ती डाव्या हाताची आतली बाजू, नाहीतर पंजाची मागची बाजू. तरीसुद्धा ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीची जाहिरात स्वतः उघडून वाच, अकॅडमीतला कोण काय म्हणतो त्यावर जाऊ नकोस. माझं मन विचारशील तर मेडिकल होईपर्यंत थांबच.

आता डिझाईनचं. राजमुद्रेत आठ बाजू आणि आत सगळा श्लोक, प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते. यातली जोडाक्षरं बघ नुसती, च्चं, ष्णु, र्वि, स्यै. तू जेवढा आकार दाखवलायस त्यात ही अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी पण होणार नाहीत. टॅटूचा रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो, खालच्या थरात असतो, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, तिथे रंग टिकलाच नसता. खालच्या थरात शरीराच्या पेशी हे रंगाचे कण बाहेरचं काहीतरी आलं म्हणून गिळतात पण त्यांना ते पचवता येत नाहीत, त्या पेशी मेल्या की तेच कण शेजारच्या पेशी गिळतात, असं आयुष्यभर चालतं आणि म्हणून टॅटू टिकतो. थोडा रंग तर काखेतल्या गाठींपर्यंत पण जाऊन बसतो. पण या सगळ्यात रेघ हळूहळू पसरते. आज कोरीव दिसणारा "ष्णु" दहा-पंधरा वर्षांनी काळा ठिपका होतो. मुद्रा वाचता यायला पाहिजे तर मोठी काढावी लागेल, आणि मोठी काढली तर चौथ्या हिश्श्याच्या नियमात बसणार नाही. दोन्ही एकदम होत नाही रे. महाराजांची मुद्रा अंगावर घ्यायची तर ती शेवटपर्यंत वाचता यावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून भरतीआधीच काढायचा हट्ट असेल तर श्लोक नको, फक्त "शिवराय" एवढी सुटसुटीत, मोकळी अक्षरं घे. मुद्रा नंतर निवांत मोठी काढ.

आणि स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवतात तो आराखडा. हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नीट नसला की पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो, जोडाक्षर सुटं होऊन मध्ये पाय मोडलेलं अक्षर येतं. आर्टिस्टला मराठी वाचता येतं की नाही तेही माहीत नसतं, तो बिचारा चित्र म्हणून उतरवतो. स्टेन्सिल हातावर उमटली की सुई लागायच्या आधी थांब, स्वतः अक्षर न् अक्षर वाच, फोटो काढून मला पाठव, मी आपल्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना दाखवते. फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढ, सेल्फीत अक्षरं उलटी येतात. यात दहा मिनिटं गेली तर जाऊ देत.

आता माझ्या कामाचं. आजीच्या हातावरची तुळस तू लहानपणी बोटाने गिरवायचास आठवतंय? ती जत्रेत गोंदलेली, काजळी आणि सुई, आणि तीच सुई त्या दिवशी जत्रेत आलेल्या सगळ्या बायकांना. तेव्हा कोणाला काही माहीत नव्हतं. आता माहिती आहे तरी जत्रेत बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेले असतातच, एकाचं नाव झालं की फडक्याने पुसून तीच सुई पुढच्याला. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, तिन्ही अशा सुईतून जाऊ शकतात. त्यातला बी तर इतका चिवट की वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतो, म्हणजे सुई नवी असली पण मशीनच्या दांड्यावर किंवा रंगाच्या बाटलीवर कालच्या माणसाचं रक्त असलं तरी धोका आहेच. तुझे हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस लहानपणीच झालेत, कार्ड माझ्या कपाटात आहे, पण अंगात अजून ताकद आहे का त्याची एक साधी रक्ताची टेस्ट असते, ती आमच्याकडे करून घेऊ. सी वर लस नाही. आता त्यावर गोळ्या निघाल्यात, बहुतेकांना 84 दिवसांचा कोर्स लागतो, 2018 पासून सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, पण कशाला ती वेळ आणायची.

म्हणून आमच्या फॉर्मवर प्रश्नच असतो, गेल्या वर्षभरात टॅटू काढलाय का. काढला असेल तर बारा महिने रक्त घेत नाही. कारण विषाणू अंगात शिरला तरी सुरुवातीचे काही दिवस, कधी काही आठवडे टेस्टमध्ये सापडत नाही, आणि तेवढ्यात ते रक्त एखाद्या बाळंतिणीला नाहीतर थॅलेसेमियाच्या लेकराला चढलेलं असतं. शिवजयंतीच्या कॅम्पला दरवर्षी अशी पोरं येतात, मनगटावर ताजी मुद्रा, अजून खपली पण पडलेली नसते, आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. फार हिरमुसतात रे. तू दर 19 फेब्रुवारीला रक्त देतोस, मला त्याचा अभिमान आहे, म्हणून सांगते, आधी रक्त देऊन ये, मग काही दिवस जाऊ देऊन टॅटू काढ, पुढचं वर्षभर कॅम्पला टेबल लावायला, पोरांना बिस्किटं वाटायला ये.

स्टुडिओत गेल्यावर भिंतीवरचे फोटो नंतर बघ, आधी आर्टिस्टचे हात बघ. सुई किंवा कार्ट्रिजचं (सुई बसवलेल्या नळीचं) पाकीट तुझ्यासमोर फोडायला पाहिजे आणि त्यावरची एक्स्पायरी वाचायला माग. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात काढून घेतात, ते टोपण नवं पाहिजे आणि उरलेला रंग परत बाटलीत जाता कामा नये. मशीन, वायर, खुर्चीचा हात यावर प्लास्टिक गुंडाळलेलं पाहिजे. ग्लोव्ज घातलेल्या हाताने त्याने मोबाईल उचलला की ग्लोव्ज बदलायलाच पाहिजेत, नाही बदलले तर सांग, लाजू नकोस. वापरलेली सुई कचऱ्याच्या डब्यात नाही, जाड प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात जाते. आणि काळा रंग फिका करून शेडिंग करायला पाणी घालत असेल तर विचार कुठलं पाणी, नळाचं किंवा बिसलेरीचंसुद्धा नको, निर्जंतुक पाहिजे. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात 2011 च्या शेवटी एकाच ठिकाणी टॅटू काढलेल्या दीड डझनाहून जास्त लोकांच्या अंगावर पुरळ उठलं, ते साध्या औषधाने बरं होईना. शोधलं तेव्हा कळलं की तयार आलेल्या राखाडी रंगातच क्षयाच्या जंतूंच्या कुळातला एक जंतू होता. तिथला आर्टिस्ट स्वच्छ काम करत होता तरी हे झालं. म्हणून रंग सीलबंद, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असलेला पाहिजे, आणि त्या लेबलचा फोटो काढून ठेव. हे सगळं विचारल्यावर जो चिडेल तिथून सरळ उठून ये, ॲडव्हान्स गेला तर मी देते.

रंगीत नको, काळाच ठेव. ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाची होते, आणि ती महिन्यांनी, वर्षांनी पण उठू शकते. आधी ट्रायल म्हणून गोव्याला बीचवर तो काळ्या मेंदीचा टॅटू काढू म्हणाला होतास ना मित्रांबरोबर, तो तर अजिबात नको. मेंदी कधी काळी नसते, तो काळेपणा बहुतेक वेळा केसांच्या डायमधल्या पीपीडी नावाच्या केमिकलचा असतो. त्याने फोड येतात आणि एकदा का ती ॲलर्जी लागली की पुढे जन्मभर केसांना पीपीडी असलेला डाय लावता येत नाही.

अजून एक घरचं. तुझ्या आत्याला कान टोचल्यावर पाळीला केवढी गाठ आली होती, ऑपरेशन करून काढली तर परत आली. त्याला किलॉइड म्हणतात, घराण्यात असतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला जास्त होतं. तुझ्या गुडघ्याच्या टाक्यांची खूण सपाट आहे ही चांगली गोष्ट, पण तरी स्किनच्या डॉक्टरांना एकदा हात दाखवून घेऊ.

त्या दिवशी पोटभर जेवून जा, रात्री नीट झोप, दारू दोन दिवस आधीपासून नाही. (पितोस की नाही ते विचारत नाहीये, नियम सांगतेय.) ॲस्पिरिन, ब्रूफेनसारखी गोळी पण आधी घेऊ नकोस, रक्त जास्त येतं. बधिर करायचं क्रीम मनाने आणून हातभर थापू नकोस.

आणि मग खरं काम सुरू. लोक टॅटू झाला की चित्र बघत बसतात, पण बाळा ती जखम असते, हजारो टोचे असलेली उघडी जखम. पहिले दोन-तीन दिवस लाल, गरम, थोडी सूज, थोडं पाणी आणि रंग बाहेर येणं हे सगळं चालतं. वर पारदर्शक फिल्म लावून दिली तर आर्टिस्ट सांगेल तेवढे दिवस ठेव, पण खाली पू साठलेला दिसला किंवा कडा सुटल्या तर लगेच काढ. दिवसातून दोनदा, साबणाने हात धुऊन मग, वास नसलेल्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धू, घासू नकोस, टिश्यूने टिपून घे. टॉवेल वापरू नकोस, होस्टेलवरचे तुमचे टॉवेल मी बघितलेत. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर बोटाने अगदी पातळ लाव. थापलं की जखम ओली राहते आणि बिघडते. आजी फोन करून हळद नि खोबरेल लाव म्हणेल, तिला हो म्हण आणि लावू नकोस. चार-पाच दिवसांनी खाज सुटेल, पापुद्रे निघतील, नखाने खपली काढलीस तर तिथला रंग पण निघून येतो आणि डाग राहतो. फार खाजलं तर बाजूला हलकी थाप मार.

तुझी अडचण ग्राउंडची आहे. दोन-तीन आठवडे घाम, माती, पुलअप्सचा बार, मॅट हे सगळं त्या हाताला लागायला नको. म्हणून सराव जोरात असेल तेव्हा काढूच नकोस, सुट्टी बघून काढ. आणि घरी आलास की कृष्णेत पोहायला जाणार नाहीस, निदान महिनाभर. नदी, विहीर, स्विमिंग पूल, समुद्र, काहीच नाही. ऊन पण नको, शर्टाची बाही खाली ठेव, बरं झाल्यावर सनस्क्रीन. वरून दोन-तीन आठवड्यांत बरं दिसतं, आतून भरायला दोन-तीन महिने जातात.

तीन दिवसांनंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, ठणका वाढला, पू आला, ताप आला, हातावर वरच्या दिशेने लाल रेघ दिसली किंवा काखेत गाठ दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. आर्टिस्टला व्हॉट्सॲप करून मलम विचारत बसू नकोस. मेडिकलमधून ते नेहमीचं गजकर्णाचं ट्यूब आणून लावू नकोस, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, जखमेतले जंतू त्याने अजून वाढतात. मला रात्री दोनला फोन केलास तरी चालेल.

नाव कोणाचं टाकायचा विचार असेल तर तो सोड. लेझरने काढता येतं म्हणतात, पण बऱ्याच सीटिंग्ज लागतात, दोन सीटिंग्जमध्ये सहा-आठ आठवडे थांबावं लागतं, दुखतं, पैसा जातो आणि तरी कधी कधी पुसट सावली राहते. भरतीच्या मेडिकलला नाकारल्यावर लेझर करू म्हणशील तर तेवढा वेळ तिथे कोणी देत नाही.

बाबांशी मी बोलते, तू वाद घालू नकोस. दोन-तीन स्टुडिओ बघून ये, जो आवडेल त्याचा पत्ता पाठव, येत्या महिन्यात माझी पुण्याला ट्रेनिंग आहे तेव्हा मी पण येईन, बाहेर बसेन, आत डोकावणार नाही. लसीच्या कार्डाचा फोटो उद्या पाठवते, आणि जाहिरातीतलं टॅटूचं पान तू मला पाठव, दोघं मिळून वाचू.

जेवण वेळेवर कर.

तुझी
आई