'कोमा' वाचून आलेल्या पेशंटला न हसणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पित्ताशयात खडे आणि पिशवीत रॉबिन कुकची 'कोमा' घेऊन आलेल्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई तुम्हाला आठवत असतील. मी त्यांची मुलगी.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉस्टनमधलं मोठं हॉस्पिटल. किरकोळ ऑपरेशनला आलेली धडधाकट माणसं आठ नंबरच्या थिएटरमध्ये जातात आणि शुद्धीवर येतच नाहीत. सुझन व्हीलर नावाची मेडिकलची विद्यार्थिनी त्याचा छडा लावते. पुस्तक १९७७ चं. लेखक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर, त्यामुळे थाप मारली तरी अगदी थिएटरच्या भाषेत मारतो. (रहस्य फुटायला नको असेल त्यांनी पत्र इथेच सोडावं.)

आमच्या घरात या पुस्तकावर एकमत कधीच झालं नाही. मावशी म्हणते, सगळा मसाला आहे. माझ्या मते सुरुवात रेंगाळते, आणि एकटी पोरगी इतक्या ठिकाणी घुसते हे काही पटत नाही. आईचं मत सगळ्यांत वाईट: "यातलं निम्मं तरी खरं असणार." हे मत तिने बनवलं ते नेमकं स्वतःचं ऑपरेशन ठरल्यावर!

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका हॉस्पिटलात गेलो होतो. तिथे आईने भुलेबद्दल विचारलं. सर्जनसाहेब म्हणाले, "आजी, कादंबऱ्या बंद करा, पोथी वाचा." मागे उभे असलेले शिकाऊ डॉक्टरही फिदीफिदी हसले. मग सही कुठे करायची तेवढं बोटाने दाखवलं. आयुष्यभर पोरांना 'शंका आली की हात वर करा' असं शिकवलेली बाई ती. रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, खडे राहू देत.

आणि मग तुम्ही, भूल देणाऱ्या डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आलात, स्टूल ओढून बसलात, उशाजवळचं पुस्तक उचललंत आणि विचारलंत, "कुठवर आलात?" फाइल नंतर उघडलीत. तुम्ही ते हॉस्टेलवर असताना वाचलं होतं. "शेवट सिनेमासाठीच लिहिल्यासारखा वाटतो ना?" असं म्हणालात. सिनेमा खरंच १९७८ मध्ये आला, हे आईला माहीत होतं. त्या एका वाक्यावर तुमची गट्टी जमली.

मग आईने तिचा खरा प्रश्न काढला. कादंबरीतल्यासारखा ऑक्सिजनच्या नळीतून कुणी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडला तर?

दुसरं कुणी 'असं काही नसतं हो' म्हणून उठलं असतं. तुम्ही मॉनिटरची क्लिप आधी स्वतःच्या बोटाला लावलीत, मग आईच्या. तो टुंक टुंक आवाज तिला ऐकवलात. रक्तातला ऑक्सिजन उतरला की सूरही उतरतो, आणि कादंबरी आली त्या काळात हे यंत्र थिएटरमध्ये सर्रास नसायचं, हेही सांगितलंत. आई खूश. मीही. एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "खोटं कशाला सांगू, तुमच्या त्या गॅसला हे यंत्रही फसतं. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. म्हणून तर यंत्र लावून मी चहाला जात नाही. तुम्ही झोपल्यापासून जाग्या होईपर्यंत तुमच्या उशाशी बसते."

मला दरदरून घाम फुटला. आई मात्र कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच उशीला पाठ टेकून सैल बसली.

कादंबरीत माणसं अवयवांसाठीच बेशुद्ध करतात, म्हणून पुढे अवयवदानाचा १९९४ चा कायदा, मेंदूमृत्यू ठरवायला लागणारे चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, बरंच काही बोललात. बॉस्टनमध्येच १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरच्या भुलेचं पहिलं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक झालं, हे तुम्ही सांगितल्यावर इतिहासाच्या बाईंनी ते पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवलं. पण मला विचाराल तर सगळं काम त्या "खोटं कशाला सांगू"ने केलं. हुशार डॉक्टर पुष्कळ आहेत हो, फी भरली की भेटतात. समोरच्या म्हातारीलाही डोकं आहे हे धरून बोलणारं माणूस बँकेत, कचेरीत, दवाखान्यात, कुठेही भेटलं की हात जोडावेसे वाटतात. यात पैसे जात नाहीत, दहा मिनिटं जातात. आधीच्या साहेबांकडे ती नव्हती, हसायला मात्र वेळ होता.

ऑपरेशन नीट झालं, ते तुम्हाला माहीत आहेच. शुद्धीवर येताच आईने "थिएटर कितवं होतं?" असं विचारलं आणि तुम्ही मास्कआडून "दोन नंबरचं, बाई" म्हणालात, हे मला नंतर सिस्टरकडून कळलं.

आता ती वरण-भात खाते, जिना चढते आणि लायब्ररीतून कुकचीच पुढची पुस्तकं आणते. टाके काढायला आलो तेव्हा तुम्ही थिएटरमध्ये होतात, म्हणून हे पत्र. तिचा निरोप आहे: शेवट सिनेमासाठी लिहिलाय हे तिला मान्य नाही, तो घाईत गुंडाळलाय. मुद्दे काढून ठेवलेत. रविवारी सवड असेल तर घरी या, पोहे करते म्हणाली.

आपली,
बाईंची मुलगी