खंडाचा अंदाज आकड्यात सांगा

संपादक महोदय,

मृगाच्या सरी कोसळल्या की 'यंदा पावसात खंड पडणार का?' ही चर्चा आपल्या पानांवर सुरू होते. शक्यता कधी 'दाट' असते, कधी 'कमी'. आकडा मात्र सहसा नसतो. तो काढण्याजोगा मालमसाला महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींत आहे.

मागची 20 वर्षे घ्यावीत. दरवर्षी 1 जूनपासून बेरीज करत 75 मिमी भरले, तो दिवस पेरणीचा धरावा. पुढच्या 21 दिवसांत सलग 10 दिवस कोरडे गेले का, एवढेच पाहावे. 2.5 मिमीच्या आतला दिवस कोरडा. हवामान खातेही पावसाचा दिवस तिथूनच मोजते. समजा 6 वर्षी खंड निघाला. सरळ भागाकार 30 टक्के. फ्रेंच गणिती लाप्लासच्या नियमाने वर 1 आणि खाली 2 मिळवले की 7 भागिले 22, म्हणजे 32 टक्के. फरक किरकोळ वाटेल. पण नोंद 5 वर्षांचीच असून खंड एकदाही नसेल, तर भागाकार शून्य सांगतो आणि हा नियम 14 टक्के. शून्यावर विसंबणारा दुबार पेरणीचे बियाणे बाजूला ठेवणारच नाही.

मापक नवा असेल तर तालुक्याचा आधार घ्यावा. गावात 5 पैकी 3 वर्षी खंड आणि तालुक्याचे जुने प्रमाण 30 टक्के असेल, तर तालुक्याला 10 वर्षांचे वजन द्यावे : (3+3) भागिले (5+10), म्हणजे 40 टक्के. वजन 10 की 15, हा ज्याच्या त्याच्या जाणकारीचा भाग; एल निनोमुळे (प्रशांत महासागराचे पाणी तापल्यामुळे) आकडा थोडा वर नेणेही तसेच. फक्त ते पेरणीआधी तारखेसह लिहून ठेवावे.

चुका होतात त्या नोंदवहीत. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, त्यामुळे 13 तारखेच्या संध्याकाळची सर 14 च्या रकान्यात दिसते. त्याहून घातक म्हणजे कोरा रकाना. '0.0' म्हणजे पाऊस नव्हता, कोरा म्हणजे कुणी मोजलाच नाही. कोऱ्याला शून्य धरले की नसलेले खंड उगवतात. त्या 21 दिवसांत कोरे रकाने असतील तर ते वर्ष मोजणीतून वगळावे. शिवाय 20 वर्षांचे 420 दिवस म्हणजे 420 स्वतंत्र नोंदी नव्हेत. पावसाळी दिवसामागे बहुधा पावसाळीच दिवस येतो, म्हणून एक हंगाम ही एकच नोंद.

आपल्याकडे एक मागणे. हवामान खात्याचे 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातली 25 टक्क्यांपर्यंत केंद्रे. बातमीत ते 'पावसाची शक्यता कमी' असे छापू नये. आणि जूनमध्ये छापलेल्या प्रत्येक टक्केवारीचा हिशेब ऑक्टोबरमध्ये द्यावा. 70 टक्के म्हटले आणि घडले, तर 0.3 चा वर्ग 0.09 दंड; घडले नाही तर 0.49. अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये मांडलेली ही मोजणी आहे. सगळ्या मंडळांची सरासरी काढली की कोणाचा अंदाज किती चुकतो ते वाचकाला दिसेल. त्यासाठी पानाचा एक कोपरा पुरेल.

– एक वाचक, परभणी