ॲप चालत नाही म्हणून आम्ही घरच्यांना पिन सांगायचा का?

प्रति,
प्रधान नोडल अधिकारी, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : मोबाइल ॲपच्या नव्या आवृत्तीत स्क्रीन रीडर चालत नसल्याबाबत व दादर शाखेत मिळालेल्या वागणुकीबाबत

महोदय/महोदया,

मी आपल्या बँकेची जुनी खातेदार आहे. माझा पगार याच खात्यात जमा होतो. घराचा हप्ता, विजेचं बिल, आईच्या औषधांचे पैसे, सगळं इथूनच जातं. मी जन्मापासून अंध आहे आणि फोन टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर वापरते. पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथे काय आहे ते फोन कानात बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते बटण दाबलं जातं. आपलं आधीचं ॲप या पद्धतीने व्यवस्थित चालत होतं. नव्या अपडेटनंतर ते माझ्यासाठी बंद पडलं आहे.

नेमकं काय होतं ते सविस्तर लिहिते, कारण कस्टमर केअरवर ते कुणी पूर्ण ऐकून घेतलं नाही. ॲप उघडलं की एमपिनचा, म्हणजे ॲपच्या गुप्त आकड्याचा, कीपॅड येतो. सुरक्षेसाठी त्यावरचे आकडे दर वेळी जागा बदलतात, त्याला माझी हरकत नाही. पण पूर्वी इअरफोनमध्ये आकडा ऐकू यायचा, आता बोट फिरवलं तर प्रत्येक चौकोनावर फक्त 'अनलेबल्ड, बटण' एवढंच येतं. म्हणजे पिन पाठ असूनही मला तो घालता येत नाही. डोळस कुणाकडून पिन घालून घेतला, तरी पुढच्या पानावर तीच गत. 'पैसे पाठवा' आणि 'रद्द करा' ही दोन्ही बटणं माझ्या कानाला सारखीच. रक्कम भरल्यावर आपण कोणतं बटण दाबतोय हे कळत नसेल, तर पैसे कोण पाठवेल?

कस्टमर केअरने मला अडचणीचा स्क्रीनशॉट मागितला. स्क्रीनशॉटमध्ये ही अडचण दिसत नाही, ती ऐकू येते. म्हणून मी टॉकबॅकच्या आवाजासह पडद्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यावर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज आला आणि तक्रार बंद झाली. ॲप आजही तसंच आहे.

आपली बँक आम्हाला सतत मेसेज पाठवते, 'पिन, ओटीपी कुणालाही सांगू नका, बँक कर्मचाऱ्यालाही नाही.' अगदी बरोबर आहे. पण याच बँकेचं ॲप मला माझा पिन शेजारच्या मुलाला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, जो कोणी हाताशी असेल त्याला सांगायला लावतं. उद्या माझ्या खात्यातून पैसे गेले तर आपणच म्हणाल की ग्राहकाने पिन दुसऱ्याला दिला, आमची जबाबदारी नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

ॲपचं काम होईना म्हणून मी दादर शाखेत गेले. सोबत भाचा होता, कॉलेजात शिकणारा. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न त्याला विचारला, "यांचं काय काम आहे?" मी उत्तर दिलं. पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच, "यांना सही करता येते का?" माझी सही बँकेच्या रेकॉर्डला आहे, मी चेकवर सही करते. तरीही माझ्यापुढे स्टँप पॅड सरकवलं आणि अंगठा द्यायला सांगितलं. मी नकार दिला, तेव्हा ते भाच्याला म्हणाले, "मावशींना समजाव, हल्ली फ्रॉड किती होतात. नेट बँकिंग बंदच करून टाका, घरच्या कुणाचं तरी नाव जॉइंट लावा." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खातं माझं, पैसा माझ्या कष्टाचा, आणि निर्णय त्या मुलाला विचारून चालला होता. त्यांच्या बोलण्यात काळजी होती हे मला मान्य आहे. पण त्या काळजीपायी माझा हक्क जात असेल तर ती मला नको. रांगेतल्या एक बाई कळवळून "बिचारी" म्हणाल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. बँकेचा अधिकारीच माझ्याशी बोलत नसेल तर रांगेतल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

रिझर्व्ह बँकेने 4 जून 2008 च्या परिपत्रकात सर्व बँकांना स्पष्ट बजावलं आहे की चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड यांपैकी कोणतीही सुविधा अंध ग्राहकाला भेदभाव न करता द्यायची. हे आपल्या शाखेत कुणाला माहीत नव्हतं.

एटीएमचंही सांगायला हवं. शाखेबाहेरच्या मशीनवर इअरफोनची खाच आहे, कीपॅडवर पाचच्या आकड्यावर ठिपका आहे. पण इअरफोन लावला तर काहीच ऐकू येत नाही. बोलणारं मशीन असेल तर ते कानात सूचना देतं आणि मदतीला कुणाला बोलवावं लागत नाही. इथे शेवटी सुरक्षारक्षकाने मदत केली, मनापासून केली, आणि माझी शिल्लक मोठ्याने वाचून दाखवली. मागे माणसं उभी होती.

कुणी म्हणेल, मग रोख वापरा. आत्ताची शंभरची नोट 142 मिलिमीटर लांब आहे, दोनशेची 146, पाचशेची 150. रुंदी तिन्हींची 66. दादर स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत भाजी घेताना चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखून दाखवावा. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं 'मनी' ॲप आहे, पण त्यासाठी प्रत्येक नोट कॅमेऱ्यासमोर धरायची, तीही भर रस्त्यात. यूपीआय आल्यापासून हा ताप गेला होता. भाजीवालीला नेमके किती दिले ते मला कानात कळायचं. ते आपण काढून घेतलंत.

मी रोज लोकलने एकटी प्रवास करते. प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप वाजत असते, त्या आवाजावर मी चालत जाते आणि डब्यात चढते. इतक्या गर्दीच्या शहरात एवढी सोय केली की माणूस आपला आपण कामावर पोहोचतो. बटणांना नावं देणं हेही तसंच छोटं काम आहे, आपल्या ॲपमध्ये ते आधी केलेलं होतंच.

दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016, जो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे, तो सरकारी कार्यालयांपुरता नाही. सेवा देणाऱ्या खासगी कंपन्यांनाही कलम 46 नुसार सुगम्यतेचे, म्हणजे सेवा दिव्यांगांना वापरता येण्याचे, नियम पाळावे लागतात. ॲप आणि संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी आयएस 17802 हे भारतीय मानक आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रकरणात निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींनीच न्यायालयात नेलं होतं. आपल्या ॲपची व्हिडिओ केवायसी आजही 'चेहरा गोलात आणा आणि पडद्यावरचा आकडा वाचा' असंच सांगते. माझी केवायसी पुन्हा करायची वेळ येईल तेव्हा खातं गोठवणार का, याचं उत्तर मला आत्ताच हवं आहे.

ॲपची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी कळवावं आणि ती होईपर्यंत जुनी आवृत्ती सुरू ठेवावी. पुढचं प्रत्येक अपडेट बाहेर काढण्याआधी टॉकबॅक आणि आयफोनवरचा व्हॉइसओव्हर रोज वापरणाऱ्या अंध माणसांकडून तपासून घ्यावं, आणि त्या कामाचे त्यांना पैसे द्यावेत. दादरच्या एटीएमचा आवाज सुरू करावा. शाखेतल्या कर्मचाऱ्यांना 2008 चं परिपत्रक वाचायला द्यावं आणि ग्राहकाशी बोलायचं असेल तर ग्राहकाशीच बोला, एवढी लेखी सूचना द्यावी. त्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. त्यांना कुणी शिकवलंच नसेल तर ती बँकेची चूक आहे.

30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागणार आहे. उत्तर टाइप केलेल्या मजकुरात ईमेलने पाठवावं. स्कॅन केलेल्या पत्राचा फोटो माझा स्क्रीन रीडर वाचत नाही.

आपली,
एक खातेदार

सोबत : टॉकबॅकच्या आवाजासह पडद्याचं रेकॉर्डिंग, आधीच्या तक्रारीवर आलेला मेसेज