न्हाणीघराचे दार मोजून घ्या

पुनर्विकासाच्या सभांत कार्पेट एरिया आणि पार्किंगवर तासन् तास खल होतो. न्हाणीघराच्या दाराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले, तरी अजून अनेकांना आम्ही फिजिओथेरपिस्टच वाटतो. असो. पक्षाघातानंतर एका हाताने बटणे लावणे, जेवणे, अंघोळ करणे पुन्हा जमवून देणे हे आमचे काम.

रुग्णालयात हे सगळे जमू लागलेला माणूस टॉवरमधल्या नव्या घरी जातो आणि न्हाणीघराशी अडतो. व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी रुंद, दार जेमतेम दोन फुटांचे, वर उंबरठा. मग मुलगा आणि सून आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आत नेतात. आत धरायला काय, तर टॉवेलचा रॉड! तो माणसाचा भार पेलत नाही.

करारनाम्यावर सह्या करण्यापूर्वीच तीन फुटांचे दार आणि कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी मागून घ्या. उतार नीट काढला तर पाणी अडवायला उंबरठाही लागत नाही. बांधतानाच केले तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर लाद्या फोडाव्या लागतात, वॉटरप्रूफिंग जाते आणि खालच्या मजल्याशी भांडण होते ते वेगळेच.

– एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, परळ, मुंबई