अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या वाचनालयातील बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपल्याला इंग्रजीतून पत्र पाठवलेच आहे. हे जाहीर पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या लेखासाठी आपण मला मदत केलीत तो मराठी वाचकांसाठी आहे, आणि त्यात जे काही चांगले उतरले आहे ते कोणामुळे उतरले हे त्या वाचकांना ठाऊक असायला हवे. आपले नाव कुठेही छापू नये, ही आपली इच्छा पाळली आहे.

जनरल विल्यम व्हिपल यांच्याविषयीचे कागद मिळवणे तसे अवघड नव्हते. १७३० साली किटरी येथे जन्म, तरुणपणी जहाजाचे कप्तान, पुढे पोर्ट्समथमधील व्यापारी, १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर न्यू हॅम्पशर प्रांतातर्फे सही करणाऱ्या तिघांपैकी एक, त्यानंतर प्रांताच्या मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या सैन्याचे, ब्रिगेडिअर जनरल, ही माहिती कुठेही सापडते. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगा येथे ब्रिटिश सेनापती बर्गॉइन शरण आला, तेव्हा शरणागतीच्या अटी ठरवण्यासाठी अमेरिकन बाजूने जे बसले त्यांत व्हिपल होते. कायद्याचे शिक्षण नसतानाही १७८२ मध्ये ते प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाले आणि हृदयविकार जडलेला असतानाही घोड्यावरून गावोगावची न्यायालये घेत राहिले, ते थेट नोव्हेंबर १७८५ मधील मृत्यूपर्यंत. मला मात्र त्यांचे घर हवे होते. त्या घरात कोण कोण राहत होते, कोणाचे कोणाशी काय नाते होते, हे हवे होते.

इथेच माझी वाट अडली होती. आपल्याकडे येण्यापूर्वी ज्या एका मोठ्या संस्थेकडे मी चौकशी केली, तिने छापील वंशवृक्षाची प्रत पाठवली. त्यात जनरलसाहेब होते, त्यांच्या पत्नी आणि मावसबहीण कॅथरीन मॉफॅट होत्या, आणि तान्हेपणीच गेलेला त्यांचा एकुलता मुलगा होता. बस्स. जनरलांच्या घरातले गुलाम प्रिन्स व्हिपल यांच्याविषयी विचारले तर ‘नोकरमाणसे कुटुंबात धरली जात नाहीत’ असे एका ओळीचे उत्तर आले. ‘नोकर’ असे त्यांनी लिहिले, गुलाम असे लिहिण्याचेही सौजन्य दाखवले नाही. दुसऱ्या ठिकाणी वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतानाच्या त्या प्रसिद्ध चित्राची प्रत हातात ठेवली आणि होडीतला कृष्णवर्णीय वल्हेकरी म्हणजेच प्रिन्स, असे ठासून सांगितले. ते चित्र १८५१ मधले आहे. नदी ओलांडली गेली त्या डिसेंबर १७७६ मध्ये जनरल व्हिपल काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकन प्रांतांच्या प्रतिनिधिसभेचे, सदस्य होते, वॉशिंग्टन यांच्या त्या सैन्यात नव्हतेच. हे मी नम्रपणे मांडले, तेव्हा ‘लोकांना ही गोष्ट आवडते’ असे म्हणून फाईल मिटली गेली. एका माणसाचे खरे आयुष्य शोधायला गेलेल्याला शोभेची कथा देऊन वाटेला लावणे हा त्या माणसाचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

या दोन उत्तरांमुळे मी इतकी खचले होते, की आपल्या वाचनालयातल्या मागणीच्या चिठ्ठीवर ‘कुटुंबीय’ या रकान्यात मी जनरल, कॅथरीन आणि ते बाळ एवढीच नावे लिहिली आणि प्रिन्स यांच्याविषयी केवळ तोंडी, दबक्या आवाजात विचारले. आपण चिठ्ठी माझ्या हातून घेतलीत, चष्मा सारखा केलात, कानावर अडकवलेली बोटभर पेन्सिल काढलीत आणि त्याच रकान्यात, बाळाच्या नावाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत सावकाश चार नावे लिहिलीत: प्रिन्स, दायना, कफी, रिबेका. मग ‘आता सगळे कागद मागवू’ इतकेच म्हणालात. ना कसले व्याख्यान दिलेत, ना मला कसला प्रश्न विचारलात. पुढे आपण पुष्कळ मदत केलीत, परंतु त्या पेन्सिलीच्या चार ओळींइतके मोल मला दुसऱ्या कशाचेच वाटत नाही. त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते आणि आपण ते पाहूनही न पाहिल्यासारखे केलेत, त्याबद्दलही आभार.

त्या चार नावांमुळेच माझा लेख उभा राहिला. १२ नोव्हेंबर १७७९ रोजी पोर्ट्समथमधील वीस गुलामांनी न्यू हॅम्पशरच्या विधिमंडळाकडे स्वातंत्र्यासाठी अर्ज केला. नीरो ब्रूस्टर यांच्या बरोबरीने त्यात प्रिन्स व्हिपल होते, आणि जनरलांच्या सासऱ्यांच्या घरातले विंझर मॉफॅटही होते. त्याच वर्षी जनरलांनी जाहीरनाम्यावर सही करणारे आपले सहकारी जोसायाह बार्टलेट यांना लिहिलेल्या पत्रात अमेरिकेतील साऱ्या मानवजातीला स्वातंत्र्य लाभावे अशी आशा व्यक्त केली आहे. मालकाचे पत्र आणि गुलामाचा अर्ज, दोन्ही एकाच वर्षाचे! हे दोन्ही मजकूर आपण टेबलावर शेजारी शेजारी मांडलेत म्हणून मला ते एकत्र वाचता आले. विधिमंडळाने १७८० मध्ये ‘निर्णयाची वेळ अजून आलेली नाही’ असे म्हणून तो अर्ज बाजूला ठेवला. ती वेळ यायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी राज्याने वीसपैकी ज्या चौदा जणांना हयातीत स्वातंत्र्य मिळालेच नाही, त्यांना मरणोत्तर मुक्त केले.

प्रिन्स त्या चौदांत नाहीत. २२ फेब्रुवारी १७८१ रोजी दायना चेस यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा जनरलांनी त्यांना मुक्त माणसाचे हक्क दिले, पण रीतसर मुक्तीचा कागद झाला तो १७८४ मध्ये. न्याय देणे हेच ज्यांचे काम, त्या न्यायाधीशांच्या स्वतःच्या घरात त्या कागदाला तीन वर्षे लागली. जनरलांविषयी मला आदर आहे आणि तरीही ही तीन वर्षे मला सलतात. लेखात मी दोन्ही लिहिले आहे. जनरल गेल्यावर कॅथरीनबाईंनी मॉफॅट वाड्याच्या बागेमागची जागा प्रिन्स-दायना आणि कफी-रिबेका या दोन जोडप्यांना राहायला दिली, आणि त्याच लहानशा घरात दायनाबाईंनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा चालवली. प्रिन्स १७९६ मध्ये गेले. दायनाबाई मात्र १८४६ पर्यंत होत्या. म्हणजे त्या घराण्याची हकिगत जनरलांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे पुढे चालते, आणि ती चालते दायनाबाईंमुळे. छापील वंशवृक्षात त्या हकिगतीला एक ओळही नाही.

बाई, जुन्या कागदांच्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या हाती केवढी सत्ता असते, याची जाणीव फार थोड्यांना असते. कोणती पेटी बाहेर काढायची, कोणत्या नावाला ‘असे काही नाही’ म्हणायचे, हे ती व्यक्ती ठरवते, आणि समोरचा गरजू माणूस बहुधा तेवढ्यावर परत जातो. आपण ती सत्ता इतक्या अदबीने वापरलीत, की मला काही मागावेच लागले नाही. निवृत्तीनंतर, बिनपगारी, एका अनोळखी परदेशी बाईसाठी आपण दुपारच्या दुपारी खर्ची घातल्यात, आणि निघताना मी पैशांचे विचारले तेव्हा वाचनालयाच्या दानपेटीकडे बोट दाखवलेत. पदव्या आणि हुद्दे असलेल्या कितीतरी जागी मला अशी साधी माणुसकी भेटली नाही.

लेखासोबत मी नवा वंशवृक्ष काढून दिला आहे. त्यात जनरल, कॅथरीन, ते बाळ, प्रिन्स, दायना, कफी आणि रिबेका आहेत, आणि विंझर मॉफॅट यांना मॉफॅट शाखेत जागा दिली आहे. कोण मालक होते आणि कोण गुलाम, हेही प्रत्येक नावाखाली स्पष्ट लिहिले आहे, कारण ते झाकले तर पुन्हा ‘नोकर’ म्हणण्यासारखेच होईल. अंक छापून आला की दोन प्रती आपल्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवीन. एक आपल्यासाठी, आणि दुसरी आपल्याला योग्य वाटल्यास त्याच फाईलमध्ये ठेवण्यासाठी.

आपली कृतज्ञ,
लेखिका