केमो चालू असलेल्या लेकराला ताप आला, तर त्याला पहिल्या तासात हात लावा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच खात्यातली एक आशा सेविका. मराठवाड्यातल्या एका गावात काम करते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे आणि त्याचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये चालू आहेत. तिथल्या उपचारांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. परळहून गावी परत आल्यावर काय होतं, ते तुमच्या कानावर घालायचं आहे.

केमोनंतर मुलाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढतात, त्या 500 च्या खाली गेल्या की साधा जंतूही रक्तात पसरतो आणि काही तासांत बीपी उतरतं. म्हणून टाटाच्या फाइलवर लाल पेनाने लिहून देतात : ताप 100.4 च्या वर गेला की थांबू नका, जवळच्या दवाखान्यात जा, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. स्टेरॉइड चालू असेल तर कधीकधी ताप येतसुद्धा नाही. मूल नुसतं गळून पडतं, हातपाय गार होतात. एवढं आम्हा आयांना पाठ असतं.

त्या रात्री ताप 101 होता. साडेनऊला आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी फाइल उघडली, टाटाचा शिक्का पाहिला आणि मिटून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, "हा कॅन्सरचा पेशंट आहे, आम्ही हात लावू शकत नाही, मुंबईला न्या." मुंबई म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसने अख्खी रात्र. मी त्यांना लाल अक्षरं दाखवली, हात जोडले. पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा दोन वाजले होते. आम्ही बाकावर बसलो होतो त्याच मजल्यावर लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची खोली होती. दाराला कुलूप. काचेतून आत प्लास्टिकने झाकलेलं मशीन दिसत होतं.

त्या डॉक्टरांचा मला राग नाही. ते एकटेच होते आणि घाबरलेले होते.

पहाटे मुलाचा श्वास वाढला. खाजगी दवाखान्यात नेलं, तिथे नळी टाकून व्हेंटिलेटरवर ठेवलं. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली होती. मी रोज सकाळी एकच विचारायची, "काउंट किती?" पहिल्या दिवशी 40. चौथ्या दिवशी 180. सातव्या दिवशी 600 झाले आणि बीपी टिकवून धरायचं औषध कमी करता आलं. नवव्या दिवशी नळी काढली. घोगऱ्या आवाजात त्याने पहिलं विचारलं, "माझी चप्पल कुठंय?" बिल 2 लाख 10 हजार झालं. महात्मा फुले योजनेत वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे हे गावात घरोघरी मीच सांगते. पण तो दवाखाना योजनेत नव्हता आणि जिथे योजना होती तिथे मुलाला घेतलं नाही.

साहेब, या नऊ दिवसांत व्हेंटिलेटर कॅन्सरसाठी नव्हता. काउंट वर येईपर्यंत लेकराला धरून ठेवायला होता. काउंट येणारच होते, फक्त तेवढे दिवस काढायचे होते. "कॅन्सरच्या मुलाला मशीनवर ठेवून काय उपयोग" असं अजून बोललं जातं, ते यासाठी खोडून काढायला हवं. धर्मशाळेत आमच्या शेजारी एक आठ वर्षांची मुलगी होती. तिच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झाल्या होत्या. गावी गेली, ताप आला, दोन दवाखान्यांनी पुढे पाठवलं आणि तिसऱ्याच्या दारात ती गेली. तिला कॅन्सरने नेलं असं मी तरी म्हणणार नाही.

ज्यांचा आजार पुन्हा उलटलाय आणि औषध उरलेलं नाही, अशा मुलांना नळ्या लावून आईपासून लांब ठेवू नये, हेही मला पटतं. पण ते आईबापांना शेजारी बसवून, वेळ देऊन सांगायचं असतं. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नाही.

परळचं टाटा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. जिल्हा रुग्णालय मात्र तुमच्या हातात आहे. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेच्या भीतीने 2021 मध्ये देशातल्या सगळ्या, 736 जिल्ह्यांत लहान मुलांचे कक्ष उभारायला केंद्राने पैसा मंजूर केला. खाटा आल्या, मशीनं आली. त्या खाटांशेजारी रात्री कोण असतं, हे एकदा रात्री दोन वाजता न कळवता जाऊन बघा. व्हेंटिलेटरवरच्या एका मुलामागे एक नर्स लागते. नर्स नसेल तर मशीन असून नसल्यासारखंच.

एक लेखी आदेश काढा : केमो चालू असलेलं मूल तापाने आलं तर आधी अँटिबायोटिक, मग केसपेपर, मग टाटाला फोन. शिरेतून पाणी आणि ऑक्सिजन दिल्याशिवाय, बीपी धरल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, आणि पाठवलं तर 108 च्या डॉक्टर असलेल्या गाडीतून. निदान राज्याच्या प्रत्येक महसूल विभागात एक तरी सरकारी दवाखाना असा हवा जो या मुलांना व्हेंटिलेटरवर घ्यायला नाही म्हणणार नाही. तिथे प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, मिळायला हव्यात. त्या पाचच दिवस टिकतात, सतत हलत्या ठेवाव्या लागतात, त्यामुळे ऐन वेळी शोधून सापडत नाहीत. आणि अतिदक्षता विभागातले दिवस केमोच्या उपचारांचाच भाग धरून योजनेतून भागवा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरवलं की 2030 पर्यंत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी किमान 60 टक्के जगली पाहिजेत. श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त बरी होतात. औषधं बरीचशी तीच आहेत, साहेब.

नवजात बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं, हे तुमच्या खात्याने आम्हाला शिकवलं आणि आम्ही जातो. तसंच केमो घेऊन आलेल्या मुलाच्या घरीही जाऊ. थर्मामीटर द्या आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर द्या. आमच्या तालुक्यात अशी चार मुलं मला माहीत आहेत. त्यांची गावं, टाटाच्या तारखा, जवळचा दवाखाना, सगळं मी वहीत लिहून ठेवलं आहे. ही यादी कोणाकडे द्यायची, तेवढं कळवा.

आपली,
एक आशा, एका मुलाची आई